जिथं मागितला तिथं चेंडू

एलिसेओ ब्रिटो हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मिळवण्यासाठी केटल फोर्कच्या बेसबॉल संघानं तीन खेळाडू दिले आणि वर संघाची बस दिली. खेळाडूंबद्दल गावात कुणी फारसं बोललं नाही. बसबद्दल मात्र हळहळ झाली. ती अख्ख्या मोसमात एकदाही बंद पडली नव्हती, आणि संघातल्या दुसऱ्या कुणाबद्दलही असं म्हणता येत नव्हतं.

संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा. अकरा वर्षं हा बगळा तक्त्याच्या तळाशी उभा होता. मध्ये एकदा एक जागा वर सरकला होता खरा, पण त्या साली तळाच्या संघानं अर्ध्यातच गाशा गुंडाळला होता.

आणि अशा संघात ब्रिटो! नऊ वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळलेला, टीव्हीवर दिसलेला माणूस! मोसम सुरू व्हायला आठवडा होता, आणि गावानं फायनलच्या दिवशी दुकानं बंद ठेवायचंही ठरवून टाकलं होतं.

"मग डेल, काय वाटतं यंदा?" मॅव्हिसनं आपल्या खानावळीत डेल्मर हॉक्सीपुढे ऑम्लेट ठेवत विचारलं.

"आधी त्याचा चेंडू माझ्या हातात तर येऊ दे."

"तो तुला झेपतो का तेच बघायचंय, असं व्हर्न म्हणत होता."

"व्हर्न असं म्हणाला?"

"मी नाही, व्हर्न म्हणाला. गार होतंय, खा."

डेल्मर अठ्ठावन्न वर्षांचा होता. सामन्याआधी कुंपणाकडेच्या पट्टीवर बसून पिचरांचे हात मोकळे करून द्यायचे, त्यांचे चेंडू धरायचे, हे त्याचं काम. सामन्यात तो कधी उतरला नाही, पण एकोणतीस वर्षांत केटल फोर्कचा एकही पिचर त्याच्या ग्लोव्हमधून गेल्याशिवाय मैदानात गेला नव्हता. पिचर आले, बिघडले, विमा विकायला लागले. डेल्मर तिथंच होता. ते काम गेलं तर उन्हाळ्यात सकाळी उठून करायचं काय, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

मैदानावर मॅनेजर व्हर्न वाटच बघत होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस, डेल. दहा चेंडू. त्यातले पाच धर, मोसमभर तूच. नाहीतर डेव्हनपोर्टला एक जण तयार बसलाय. त्याचे दोन्ही गुडघे त्याचे स्वतःचे आहेत."

"माझाही एक आहे," डेल्मर म्हणाला.

ब्रिटो आला तो केळं खात. सदतीस वर्षांचा, कमरेत जरा सुटलेला. पोस्टाच्या खिडकीमागे बसला असता तर कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. त्यानं केळ्याची साल नीट घडी करून खिशात ठेवली, डेल्मरला वाकून "गुड मॉर्निंग, मिस्टर डेल्मर" म्हटलं आणि मातीच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला.

डेल्मर खाली बसला. जाळीचा मुखवटा ओढला. बाहेरचा कोपरा, गुडघ्याइतका खाली. तिथं ग्लोव्ह धरला.

ब्रिटोचा हात फिरलेला त्याला दिसला. पुढचं दिसलं नाही. मागच्या फळीवर धाडकन आवाज झाला आणि लाकडाची एक ढलपी त्याच्या खांद्यावर येऊन पडली.

"एक," व्हर्न म्हणाला.

दुसराही फळीवर. तिसऱ्यानं ग्लोव्हच्या कडेला शिवून आपली वाट धरली. चौथ्यानं अंगठा सुजवला.

ब्रिटो चालत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिस्टर डेल्मर, तुम्ही निघता कुठं?"

"मी कुठं निघालो? बसलोय की!"

"तुमचा हात निघतो. तुम्ही कोपरा दाखवता, मी तिथं टाकतो. चेंडू पोचेपर्यंत तुम्ही घर बदललेलं असतं."

डेल्मरनं ग्लोव्हकडे बघितलं. खरं होतं. केटल फोर्कच्या पिचरकडे आतला कोपरा मागितला की चेंडू बाहेर यायचा, खाली मागितला की डोक्यावरून जायचा. एकोणतीस वर्षांत हात एवढं शिकला होता, की जिथं मागितलं तिथून आधी निघायचं.

"आमच्याकडे तशीच पद्धत आहे," तो म्हणाला.

ब्रिटो हसला नाही. "तुम्ही नुसते बसा. यायचं काम माझं."

पाचव्या चेंडूला डेल्मरनं हाताला मनातल्या मनात दम भरला. हात तरीही निघाला. चेंडू फळीवर.

"पाच गेले, डेल," व्हर्न म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि तेच वाईट होतं. "अंगठा बघ तुझा. थांबू या का?"

"मोजत राहा तू."

चेंडू दिसला की हात पळतो. मग दिसायलाच नको. मुखवट्याच्या जाळीआड डोळे उघडे की मिटलेले, कुणाला कळतंय? डेल्मरनं कोपरा धरला, कोपर मांडीला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

मातीत बूट घासल्याचा आवाज आला. एक श्वास. मग हवा फाटत जवळ येऊ लागली, आणि आपल्या तोंडासमोर हे काय येतंय, या विचारानं त्यानं डोळे आणखी घट्ट मिटले.

थप्प.

दुखलं नाही. चेंडू ग्लोव्हच्या खळग्यात बसला होता, जणू दुकानदारानं आत घालूनच विकला होता. ग्लोव्ह केसभरही हलला नव्हता.

"सहा," व्हर्न म्हणाला आणि बाकावरून उठून उभा राहिला.

सातव्याला डेल्मरनं आतला कोपरा धरला. आला. आठव्याला छातीशी धरला. आला. नवव्याला त्यानं दोन बोटं दाखवून वळणारा चेंडू मागितला. या वेळी हवेचा आवाजच निराळा होता, लांबून फिरून, सावकाश उतरत आल्यासारखा, आणि तोही निमूटपणे त्याच खळग्यात येऊन बसला. डेल्मरला उगीचच गहिवरून आलं. आजवर आपण करत होतो ते कॅचरचं काम नव्हतंच, मांडणीवरून पडणाऱ्या भांड्यांमागे धावणं होतं ते. काम हे असं होतं.

आता एकच राहिला होता. डोळे मिटले की तोही येणार, यात शंका नव्हती. पण मोसमभर हा माणूस आपल्यासमोर चेंडू टाकणार आणि आपण तो एकदाही बघायचा नाही?

"शेवटचा, डेल," व्हर्न म्हणाला.

डेल्मरनं डोळे उघडले.

चेंडू ब्रिटोच्या बोटांतून सुटला. त्यावरची तांबडी शिवण फिरत होती, इतकी सारखी, की फिरतेय की थांबलीय ते कळेना. डेल्मरच्या हाताला निघायची जुनी खोड आठवली, मनगट तटतटलं. 'बस,' तो हाताला म्हणाला, 'येतोय तो.' चेंडू मोठा होत गेला, मोठा होत गेला आणि घरी आला.

डेल्मरनं ग्लोव्ह अलगद मिटला.

"डेव्हनपोर्टला फोन करतो," व्हर्न म्हणाला. "सांगतो, येऊ नकोस म्हणून." मग दबक्या आवाजात, देवळात विचारावं तसं त्यानं विचारलं, "काय वाटतं डेल, यंदा?"

"व्हर्न, बाकीच्यांना आजच बोलाव. मागेल तिथं चेंडू देणारा माणूस आलाय. सवय नाही रे कुणाला. घाबरतील."

"मिस्टर डेल्मर," लांबून ब्रिटोनं हाक मारली, "चेंडू द्या की परत!"

"देतो," डेल्मर म्हणाला आणि ग्लोव्ह तसाच मिटून बसून राहिला. "थांब जरा."