तोंडाला लोखंड

साखऱ्याच्या सटवाजीनं आजवर किती बैलांची तोंडं उघडली याची गणती त्याला स्वतःलाही नव्हती. आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की बाजाराच्या दिवशी सटवाजीला सोबत न्यायची रीतच पडून गेली होती. तो बैलाच्या जबड्याखाली हात घालायचा, बाजूला दात नसतात तिथं हळूच अंगठा सरकवायचा आणि एका नजरेत सांगायचा, हा दोनदाती आहे, हा चारदाती, आणि हा म्हातारा तुमच्या गळ्यात मारून राहिलेत. असा हा तोंडातला जाणकार. पण स्वतःचं तोंड त्यानं अकरा वर्षांत कुण्या डॉक्टरपुढं उघडलं नव्हतं.

दाढेचं दुखणं काही आजकालचं नव्हे. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. आधी लवंग झाली, मग तुरटीच्या गुळण्या, मग मिसरी, मग मेडिकलमधून नुसतं ‘दाढंची द्या’ म्हणून आणलेल्या गोळ्या. डावीकडून खायची सवय लावून घेतली, तर डावीकडचीही एक कुरकुरायला लागली. मग गडी पुढच्या दातांनी सशासारखं खाऊ लागला. कुणी हटकलं तर म्हणायचा, घाई कशाची आहे. मागच्या महिन्यात मात्र गाल सुजून डोळ्याला भिडला, अंगात ताप भरला आणि भर बाजारात एका गिऱ्हाइकानं विचारलं की मामा, तुमचे दात कोण बघणार? लोक हसले. सटवाजीलाही हसावं लागलं.

त्याच दिवशी तो सेनगावात करुणाबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला खरा, पण सुजेमुळे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली की या, नीट बघू आणि दाढ काढू, असं सांगितलं. सूज उतरली आणि सटवाजी तीन आठवडे गावातून हलला नाही. आधी सोयाबीनची फवारणी होती, मग कुणाचं तेरावं होतं, मग अमावस्या होती. अमावस्या महिन्यातून एकदाच येते, ही त्याची मोठी पंचाईत झाली.

खरं कारण होतं त्याचा थोरला भाऊ, वैजनाथ. अकरा वर्षांपूर्वी वैजनाथची दाढ हलायला लागली म्हणून शहरात जाऊन त्यानं ती काढून घेतली. जखम भरलीच नाही. गाठ आली, गळ्यापर्यंत उतरली आणि पाच महिन्यांत धडधाकट माणूस संपला. तोंडाला लोखंड लागलं आणि रोग पसरला, असं त्याची बायको सखुबाई तेराव्याला म्हणाली. घरादारानं ते धरून ठेवलं आणि सटवाजीनं सगळ्यांत घट्ट धरलं.

त्याला तसंच कारण होतं. शहरात जायच्या सात महिने आधी वैजनाथनं ओट्यावर उन्हात बसून धाकट्या भावापुढं तोंड उघडलं होतं. तुला तोंडातलं कळते, बघ बरं, म्हणाला होता. जिभेच्या कडेला तुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग होता, भोवती लाल. बैलाच्या तोंडात असलं काही दिसतं तर सटवाजीनं मालकाला तिथल्या तिथं गुरांच्या डॉक्टरकडे पिटाळलं असतं. भावाला तो म्हणाला, दाढ घासून राहिली, लवंग धर. भ्याला होता म्हणून म्हणाला. ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही.

तेव्हापासून त्याला वाटायचं, आपल्याही तोंडात तसंच काही दबा धरून बसलंय. लोखंड लागलं नाही तोवर ते निजून राहील. पण माणूस थकतोच. भ्यायलाही अंगात जोर लागतो, आणि महिनाभर दुधात कुस्करलेली भाकरी गिळून सटवाजीचा जोर सरला होता. बायको सुनेच्या बाळंतपणासाठी लेकाकडे गेलेली, त्यामुळे त्याचं जेवण सखुबाईच बघायची. मंगळवारी सकाळी ताट बाजूला सारून तो म्हणाला, सेनगावला चाललो. वहिनी नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं, किंबहुना तिनं म्हणावं असंच वाटत होतं. सखुबाईनं चूल विझवली, चपला पायात घातल्या आणि त्याच्या मागं जीपमध्ये येऊन बसली.

दवाखान्यात वहिनी बाहेरच्या बाकावर थांबली. आत खुर्ची मागं झुकली आणि सटवाजीचे पाय वर आले. डॉक्टरांनी आ करा म्हटलं, तशी त्याची दातखीळच बसली. शेजारच्या ट्रेमध्ये हत्यारं वाजली. त्यानं डॉक्टरांचं मनगट धरलं.

“बाई, लोखंड लावू नका. आधी तसंच बघा. आत काही असंल तर दाढ राहू द्या, मी जातो घरी.”

करुणाबाई वयानं त्याच्या पोरीएवढ्या, पण असली माणसं त्यांच्याकडे रोज येत असावीत. त्यांनी ना हसण्यावारी नेलं ना रागावल्या. हातातला आरसा खाली ठेवला, हातमोजा नीट ओढला आणि त्याचा जबडा सैल पडेपर्यंत वाट बघितली. मग एक बोट गालाच्या आतून, हिरडीवरून, टाळूवरून फिरवत नेलं. जिभेच्या कडेला बोट आलं तेव्हा सटवाजीनं डोळे मिटून घेतले. ते तिथं थांबलं असं त्याला वाटलं. थांबलंही नसेल.

काही नाही काका, त्या म्हणाल्या. तंबाखूनं दात काळे पडलेत, ती सोडा. बाकी एक दाढ कुजलीय, तेवढीच.

खरं तर त्यानं सुटलो म्हणायला हवं होतं. पण आनंद होण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं. त्यानं विचारलं, असता डाग, तर दाढ काढल्यावर पसरला असता का?

“लोखंडानं काही पसरत नाही, काका. आतून आधीच पसरलेलं असतं, म्हणून तर दात हलायला लागतो. नुसता डाग असताना दाखवलं तर पुष्कळ माणसं वाचतात.”

इंजेक्शन भरता भरता त्यांनी हे सांगितलं, दहा जणांना सांगावं तसं. सटवाजी छताच्या पंख्याकडे बघत राहिला. वैजनाथच्या हातात सात महिने होते. मग त्यानं आपण होऊन तोंड उघडलं आणि काढा म्हणून हात केला. सुई टोचली, ओठ जड झाला, डोक्यात काहीतरी कडकड मोडल्याचा आवाज आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी हात थांबवून दुखतंय का विचारलं. त्यानं मान हलवली. दुखत नव्हतं.

अर्धा तास कापूस दाबून धरायचा, बोलायचं नाही, असं सांगून त्यांनी सोडलं. एसटी स्टँडावर दोघं सावलीला बसले. सखुबाईनं एवढंच विचारलं, लागलं का लोखंड? त्यानं होकार दिला. अर्धा तास झाल्यावर सटवाजीनं कोपऱ्यात जाऊन कापूस टाकला, तोंडावरून हात फिरवला आणि परत येऊन तिच्याशेजारी बसला. जीभ नीट वळत नव्हती, पण आता बोललो नाही तर परत होणार नाही, हे त्याला कळत होतं.

“वहिनी, दादा लोखंडानं न्हाई गेला. त्यानं मला आधीच तोंड दाखवलं होतं. मी डाग बघितला होता. बघून बी लवंग धर म्हनालो.”

साखऱ्याची गाडी लागली. लोक चढले. ही दोघं उठली नाहीत, गाडी निघून गेली. सखुबाई शिव्या देईल, छाती बडवून घेईल, यातलं काहीही सोसायला सटवाजी तयार होता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“उशीच्या अभ्र्याला रक्त लागायचं, भाऊजी. त्यायनं तुमाला दाखवायच्या बी आधीपासून. मी सगळ्यायच्या आधी उठून धुवायची, कोनाच्या नजरंला पडू नये म्हनून. त्यायला सुदिक बोलले न्हाई.”

“काहून?”

“तुमी काहून न्हाई बोलले?”

दोघांचं कारण एकच होतं. सखुबाई म्हणाली, लोखंडाचं मीच काढलं, लोकायला काहीतरी सांगावं लागत होतं. आणि मग तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

भाऊ गेल्यापासून सटवाजी त्याच्या नावानं कधी धड रडला नव्हता. रडायचा आपल्याला हक्कच नाही असं त्याला वाटत आलं होतं. आज माणसांनी भरलेल्या स्टँडावर तो ओक्साबोक्शी रडला. तोंडातून रक्ताळलेली लाळ धोतरावर गळत होती आणि सखुबाई ती आपल्या पदरानं पुसत होती.