तीन शब्दांचं दार

आमच्या बेकरीतल्या मैद्याच्या कोठीचं दार आतल्या बाजूनं काळं रंगवलेलं आहे. ते सासऱ्यांनी रंगवलं. त्यांना वाचनाचं भारी वेड, आणि पाव भट्टीत गेल्यावर बाहेर येईपर्यंत माणसानं करायचं काय, हा त्यांचा कायमचा प्रश्न. म्हणून घरातल्या प्रत्येकाला दारावर एक रकाना. पुस्तक वाचून झालं की खडूनं त्याचं नाव लिहायचं आणि पुढे आपलं मत, तेही तीन शब्दांच्या आत. "तीन शब्दांत सांगता येत नसेल तर पुस्तक तुम्हाला कळलेलंच नाही," असं ते म्हणायचे. वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुकान बंद ठेवून सगळ्यांनी कोठीसमोर जमायचं, दार मोठ्यानं वाचायचं, मनसोक्त भांडायचं आणि मग ओल्या फडक्यानं दार पुसून नवं वर्ष सुरू करायचं. सासरे गेले, पण दार वाचायचं आम्ही सोडलं नाही.

आपणच आपली टिमकी वाजवू नये म्हणतात, पण माझा रकाना दरवर्षी सगळ्यांत लांब असायचा. आणि सगळ्यांत तिखटही. "लेखकाला झोपवा कुणीतरी" हे मत माझंच, अजून लोक आठवण काढतात. आमचे हे दुकानात जाऊन पुस्तकं हातानं तोलून बघतात आणि सगळ्यांत हलकं घरी आणतात. भाऊजींचं, म्हणजे माझ्या दिरांचं, प्रत्येक पुस्तकावर एकच मत, "ठीक आहे". दरवेळी एक शब्द वाचवून ते त्याचं काय करणार आहेत, देव जाणे. आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, जिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो, तिचा रकाना लग्न होऊन आल्यापासून कोरा. "नको बाई," ती म्हणायची, "तुमच्या त्या पुस्तकांत शेवटी कुणीतरी मरतंच. घरात बसून उगाच कशाला सुतक ओढवून घ्यायचं?" तिच्या रकान्यात आम्ही "यीस्ट संपलं" लिहायचो. तेवढंच तिचं साहित्य.

यंदा मात्र कोऱ्या रकान्याची पाळी माझ्यावरच आली. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं, मग काहीतरी बिनसलं म्हणून पुन्हा पहिल्याचं. पुस्तक उघडलं की अक्षरं पाण्यात पडल्यासारखी थरथरायची. इतरांचे रकाने भरत होते. आमच्या ह्यांचासुद्धा! मी पाव करपला की ओरडायचे आणि नाही करपला तरी ओरडायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. भट्टीचं सगळं पुतण्या बघतो, गल्ल्यावर भाऊजी बसतात. त्या दारावरही मी नसले, तर या घरात मी कोण? कोपऱ्यात बसून डोळ्यांत थेंब घालून घेणारी एक बाई.

एका दुपारी धाकटी माझ्याशेजारी पिठाच्या पोत्यावर येऊन बसली. हातात माझंच एक पुस्तक.

"वाचून दाखवू का, वहिनी? पण मी अडखळले तर ओरडायचं नाही."

"मी ओरडणार," मी म्हटलं.

"बरं, मग ओरडा," ती म्हणाली आणि बोट ठेवून वाचायला लागली.

पहिलं पुस्तक संपल्यावर मी पुतण्याला माझ्या रकान्यात नाव लिहायला सांगितलं. तेवढ्यात भाऊजी आले.

"ऐकलेलं म्हणजे वाचलेलं नव्हे, वहिनी. मग मीही रेडिओवरच्या बातम्या लिहितो दारावर."

"लिहा की. आणि पुढे लिहा, 'ठीक आहे'."

बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी असं ठरलं की ऐकलेली पुस्तकं लिहायची, पण दाराच्या दिवशी ज्यानं ते पुस्तक वाचलं असेल त्यानं वाटेल ते मला विचारायचं. एका जरी पुस्तकाची गोष्ट मला नीट सांगता आली नाही, तर माझा अख्खा रकाना सगळ्यांच्या आधी पुसायचा. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. आमचे हे माझी पुस्तकं उचलूनच बघायचे नाहीत, भाऊजींना वाचलेलं आठवत नाही. मला कोण विचारणार होतं! पण पुतण्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि सूनबाई माहेरहून येताना साड्यांपेक्षा पुस्तकं जास्त घेऊन आली होती, हे मी हिशोबात धरलंच नाही.

त्या दुपारी मात्र छान गेल्या. भट्टीची ऊब, ट्रे थंड होतानाचा तो कट् कट् आवाज, आणि धाकटीचं रखडत चालणारं वाचन. मोठा शब्द आला की ती आधी त्याच्याकडे नीट बघून घ्यायची, अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. गंमत म्हणजे शेवटच्या प्रकरणाला ती थांबायची. "आज घसा बसलाय, उद्या," म्हणून पुस्तक वर घरात घेऊन जायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण कसं घडाघडा वाचायची! कुठेही अडखळणं नाही की बोट ठेवणं नाही. मला वाटलं, माझ्या संगतीनं सुधारतेय. गाढवाला गुळाची चव कळली म्हणून मी तिला चिडवायचेसुद्धा, आणि ती खाली बघून हसायची.

शिवाय पुस्तकंही यंदा एकाहून एक सरस निघाली. म्हातारा कुत्रा वादळातून घरी परत आला. आजारी शिक्षिका खडखडीत बरी होऊन पुन्हा वर्गावर गेली. डोंगरात हरवलेला वाटाड्या सुखरूप खाली उतरला. "यंदा लेखक सुधारलेत," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. त्यांतही कळस म्हणजे घड्याळजीच्या बायकोची कादंबरी. चांगली जाडजूड. नवरा जहाजावर निघून जातो आणि ती दुकानातल्या एकेका घड्याळाला किल्ली देत त्याची वाट बघत राहते. मी अगदी जीव मुठीत धरून ऐकली. माझ्या रकान्यात तिच्यापुढे मत होतं, "शेवट सोन्यासारखा आहे".

दाराचा दिवस आला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला मोकळं सोडलं होतं आणि नवा चष्माही आला होता. पण पुस्तक उघडून बघायचा धीर मला झाला नव्हता. अक्षरं पुन्हा थरथरली तर? चष्मा डब्यात आणि डबा पदराखाली, अशी मी कोठीसमोर स्टुलावर बसले.

भाऊजींनी माझा रकाना वाचला. घड्याळजीच्या बायकोशी आले तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "मोठ्या आई, एक विचारू? शेवट सोन्यासारखा म्हणजे कसा?"

मला तेच हवं होतं. मी पदर खोचला. "अगं, काय शेवट आहे! एक दिवस ती म्हणते, किल्ल्या देऊन देऊन माझं मनगट दुखलं. सगळी घड्याळं वाटून टाकते आणि दुकानात भट्टी बांधते. थंडीत पीठ फुगायला दुप्पट वेळ लागतो, पहिली खेप नेहमी एका बाजूनं करपते, सगळं कसं बारीकसारीक लिहिलंय! लेखकाला बेकरीतलं इतकं कळतं, मी तर थक्कच झाले. आणि मग तो नवरा परत येतो, तर दुकानासमोर ही एवढी रांग. तो थेट आत घुसायला बघतो. ती मानही वर न करता म्हणते, 'रांगेत या.'"

आमचे हे खो-खो हसले. पुतण्याही हसला. सूनबाई मात्र ओठ चावत होती.

"पण मोठ्या आई, ती तर मरते ना? तापानं. आणि घड्याळं एकेक करून बंद पडतात."

"तू दुसरंच काहीतरी वाचलं असशील," मी फटकारलं.

ती गुपचूप उठली, वर जाऊन तेच पुस्तक घेऊन आली आणि शेवटचं पान उघडून भाऊजींसमोर धरलं. भाऊजींनी वाचलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. धाकटी एका रिकाम्या ट्रेवरचा नसलेला चुरा झाडत होती.

"धाकटे," मी म्हटलं, "कुत्रा?"

"मेला हो पुस्तकात," ती पुटपुटली.

"शिक्षिका?"

"तीही."

"अगं, कुणाला जिवंत ठेवलंय की नाही त्यांनी?"

"त्या वाटाड्याला ठेवलंय. ते पुस्तक मी तसंच्या तसं वाचलं."

माझा पारा चढला. वर्षभर मला उल्लू बनवलं आणि भरल्या घरात माझी शोभा केली! आता मी तोंड सोडणार, एवढ्यात ती ट्रे ठेवून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"डॉक्टर म्हणाले होते ना, डोळ्यांत पाणी येता कामा नये. मी होते की तिथे तुमच्याबरोबर. आणि पहिलंच पुस्तक घेतलं तर त्यात ते कुत्रं. म्हटलं, ह्या रडल्या तर? डोळे गेले तर? म्हणून रात्री बसून मी शेवट जरा... मग पुढच्यालाही तेच. मग मला गोडी लागली, वहिनी."

डॉक्टर नळाच्या पाण्याबद्दल बोलत होते. तोंड धुताना पाणी जाऊ देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं. पण हे मी तिला सांगितलं नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. माझे डोळे वाचावेत म्हणून या बाईनं वर्षभर कुणालाही मरू दिलं नव्हतं. माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवेना.

भाऊजींनी खाकरून ओलं फडकं उचललं. "वहिनी, नियम म्हणजे नियम."

"द्या इकडे," मी म्हटलं आणि माझा रकाना मीच वरपासून खालपर्यंत पुसला. पुसताना जरासुद्धा वाईट वाटलं नाही. "ही पुस्तकं मी वाचलेली नाहीत, कबूल. ती कुणीच वाचलेली नाहीत. ती हिनं रचलीत आणि जगात फक्त मी ऐकलीत." मग खडू घेऊन ओल्या दारावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "घड्याळजीची बायको, लेखिका धाकटी." आणि पुढे मत, "मूळ कादंबरीहून सरस".

"मूळ वाचल्याशिवाय तुलना कशी करता?" भाऊजी म्हणाले. सासऱ्यांचा मुलगा शोभतो अगदी.

बरोबर होतं त्यांचं. मी पदराखालचा डबा काढला, चष्मा चढवला आणि सूनबाईच्या हातातून पुस्तक घेतलं. अक्षरं एकदा हलली, आणि मग आपापल्या जागी नीट उभी राहिली. वर्षातलं माझं पहिलं पान मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तापानं फणफणलेली ती बाई, एकेक करून थांबणारी घड्याळं, आणि कुलूप लावलेल्या दारासमोर पेटी घेऊन उभा राहिलेला तो माणूस. फार चांगलं लिहिलं होतं मेल्यानं. शेवटच्या ओळीला माझे डोळे वाहायला लागले.

"वहिनी, डोळे!" धाकटी स्वच्छ फडकं घेऊन धावली.

"राहू दे गं, सोडलंय मला डॉक्टरांनी," मी रडत रडतच हसले. "वाहू दे. वर्षभराचे साठलेत." मग मी खडू तिच्या हातात कोंबला. "आता हे खरं पुस्तक तूही वाचलंस ना? तुझा रकाना मोकळाच आहे. लिही."

तिनं "यीस्ट संपलं" बोटानं पुसलं आणि बराच वेळ विचार करून, एकेक अक्षर जपून लिहिलं, "उगाच मारलं तिला". बरोबर तीन शब्द. भाऊजींनी ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपले तीनही शब्द खर्च केले. "हे झकास आहे," ते म्हणाले.

मग सगळ्यांना धाकटीचा कुत्रा हवा होता, धाकटीची शिक्षिका हवी होती. चहाची दोन आधणं झाली तरी कुणी उठेना. दार पुसायचं राहूनच गेलं, ते आम्ही दुसऱ्या दिवशी पुसलं.

त्या दुपारी ट्रे थंड होत असताना मी नवं पुस्तक काढलं. चष्मा नाकावर होता, तरी पुस्तक मी तिच्याच मांडीवर ठेवलं.

"आता तुम्हाला दिसतंय की," ती म्हणाली.

"दिसतंय. तरी तूच वाच."

तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि थांबली. "शेवट कुठला वाचू, वहिनी? त्यांचा की माझा?"

"दोन्ही वाच," मी म्हटलं. "आधी त्यांचा, मग तुझा. मला इथून हसत उठायचंय."