शीर किती चढली

नेवेना नर्स आली की आधी खिडकीचा पडदा सारायची, मग वेल्कोला खाटेवर रेलून बसवायची. पाठीला उशा अशा लावायची की माणूस धड बसलेलाही नाही आणि धड आडवाही नाही. "मान डावीकडे, द्यादो," ती म्हणायची, "आणि दोन मिनिटं तोंडाला कुलूप."

त्या डोंगरी गावात उरलेली अकराच्या अकरा माणसं द्यादो, म्हणजे आजोबा, नाहीतर आज्या होती. नातवंड मात्र गावात एकही नव्हतं. वेल्कोची मुलगी स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायची, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची. रविवारी तिचा फोन यायचा आणि "जेवलात का?" एवढ्यावरच संपायचा.

नेवेना टॉर्च तिरका धरायची. वेल्कोच्या मानेच्या उजव्या बाजूला, कातडीखाली, शीर लवलवताना दिसायची. ती कुठवर लवलवते ते हेरून नेवेना तिथं एक कोरं कार्ड आडवं धरायची, छातीच्या हाडावरच्या उंचवट्यावर शाळेतली पट्टी उभी करायची आणि सेंटिमीटर वाचायची. तीनपर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं की समजायचं, थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलवत नाही, ते मागे शिरांत तुंबतंय. यंत्र नाही, सुई नाही, फक्त नजर पक्की हवी. आणि नेवेनाची नजर साऱ्या जिल्ह्यात नावाजलेली होती.

मोजताना तिची गार बोटं त्याच्या हनुवटीला लागलेली असायची. बायको, पेना, जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात वेल्कोला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. न्हावीसुद्धा गाव सोडून गेला होता.

आधी ती महिन्यातून एकदा यायची. मग हिवाळ्यासाठी कोबी खारवायचे दिवस आले. पेना असताना दोघं मिळून पाच माणसांना पुरेल एवढं पिंप भरायचे, वेल्को एकट्यासाठी तेवढंच भरायचा. लहान पिंप आणायचं म्हणजे पेना गेली हे कबूल करायचं, आणि तेवढी त्याची तयारी नव्हती. मिठाच्या पाण्यात अख्खे गड्डे, रंगाला बीट. दर दोन दिवसांनी खालच्या तोटीतून खार काढून वरून परत ओतायचा, नाहीतर कोबी नासतो. आणि काढता काढता पेलाभर प्यायचा, हे तर कुणाला शिकवावंही लागत नाही.

"मीठ खाता का?" नेवेनानं विचारलं होतं.

"चिमूटभरसुद्धा नाही," वेल्को शपथेवर म्हणाला. त्याच्या लेखी ते खरंच होतं. मीठ म्हणजे बरणीतलं. कोबीचा खार म्हणजे पणजोबांपासूनचं औषध.

त्या दिवशी शीर पाचवर होती. "आता दर मंगळवारी येते," ती म्हणाली.

वेल्कोनं उभा जन्म रेल्वेत सिग्नल सांभाळले होते, काय ओढलं की काय हलतं हे कळायला त्याला वेळ लागला नाही. खार कमी प्यायला की पट्टीवरचा आकडा उतरतो. आकडा उतरला की नेवेना खूश होऊन म्हणायची, "छान! असंच राहिलं तर पुन्हा महिन्यानं."  मग तो रोज तीन पेले प्यायला लागला. पाय सुजले, बूट चढेनात, झोपताना दोनाच्या चार उशा झाल्या. पण मंगळवारी दारात गाडी थांबायची.

फेब्रुवारीत एकदा तिनं तीनदा मोजलं आणि कोट न काढताच खाटेच्या कडेला बसली.

"किती?"

"सात." तिनं पट्टी मांडीवर ठेवली. "द्यादो, खरं सांगा, माझी नजर गेली का हो?"

"काहीतरीच तुझं!"

"डॉक्टर म्हणाले, चारचौघांत. अंगातलं पाणी काढायची गोळी दुप्पट केली तरी आकडा चढतोच. एक तर म्हातारा बुडतोय, नाहीतर नेवेनाबाई आंधळ्या झाल्यात. पुढच्या आठवड्यापासून माझी गावं दुसरीला देणार म्हणे. तेवीस वर्षं मोजतेय मी." तिनं बाहीनं डोळे पुसले.

वेल्को उठला. भिंतीला धरत तळघरात उतरला आणि गुलाबी खाराचा भरलेला पेला तिच्यासमोर ठेवला. "रोज तीन," तो म्हणाला. "तुझी नजर शाबूत आहे, पोरी."

तिनं एक घोट घेतला आणि तिचा चेहरा लाल झाला. "अहो, मरायचं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग कशाला ढोसत होतात हे?"

"मंगळवार हवा होता."

नेवेना भडकली. दुप्पट गोळ्या मी घातल्या तुमच्या पोटात, मूत्रपिंडं गेली असती म्हणजे मी कुणाला तोंड दाखवलं असतं, असं बरंच बोलली. वेल्को खाली मान घालून ऐकत राहिला. खरं सांगायचं तर कुणीतरी आपल्यावर इतकं ओरडतंय, हेही त्याला बरं वाटलं. शेवटी तिनं वहीत सगळं खरं लिहिलं. गोळी पहिल्यासारखी करायची, खार बंद, पुढची भेट महिन्यानं. "आता फसवलंत तर थेट इस्पितळात," ती दारातून म्हणाली.

त्यानं कानाला खडा लावला. खार मोरीत ओतला. मंगळवारी तो सवयीनं दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि कुणीही न येता दिवस मावळायचा.

वहीतलं वाचून डॉक्टरांनी गावं तिच्याकडेच ठेवली होती. मार्चमध्ये ती आली तेव्हा तिच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा होता, वसंत येताना तब्येत चांगली राहावी म्हणून एकमेकांना बांधतात तो. त्याच्यासाठीही एक आणला होता, तो तिनं आधी बांधला. मग पडदा, उशा, टॉर्च.

"दोन!" ती आनंदानं ओरडली. "दोन, द्यादो! आता डॉक्टरांच्या तोंडावर मारते ही वही. सूजही गेली. आता काय, तीन महिन्यांनी आले तरी चालेल."

"चांगलं झालं," वेल्को म्हणाला.

"झालं मोजून. मान सरळ करा."

त्यानं मान सरळ केली नाही. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "अजून एकदा मोज, पोरी. चुकलं असेल."

 तिनं पुन्हा टॉर्च तिरका धरला, हनुवटीला बोटं लावली आणि सावकाश, पहिल्यापेक्षा कितीतरी सावकाश मोजलं. शीर दोनवरच होती.