ब्रेकची डबी

बहिणीची, लुंबिनीताईची गाडी आठवडाभर वापरली, तर परत देताना तिची देखभाल आपणच करावी, असं आनंदराजनं ठरवलं. ब्रेक ऑइल कमी झालं होतं. नांदेडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात दुकानदार पंढरीकाकांनी विचारलं, "कोणतं पाहिजे? गाडीत ब्रेक ऑइलची डबी असते, तिच्या झाकणावर लिहिलेलं असतंय, बघून या की." सिव्हिल इंजिनिअर आनंदराजला ते झोंबलं. "कळतंय मला. ती लाल बाटली द्या," तो म्हणाला. घरी येऊन त्यानं ते डबीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनीताई मुलीला घेऊन त्याच गाडीनं लातूरला निघाली. रिकामी बाटली फेकताना आनंदराजनं लेबल पहिल्यांदाच वाचलं. ते पॉवर स्टिअरिंगचं ऑइल होतं. मोबाइलवर पाहिलं, तर त्या ऑइलनं ब्रेकची रबरं फुगून ब्रेक निकामी होतात, असं दिसलं. त्यानं फोन लावला.

"ताई, गाडी हळूहळू बाजूला घे. हँडब्रेकनं थांबव."

"का रे?"

"ब्रेकमध्ये चुकीचं ऑइल गेलंय. दुकानदारानं दिलं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "थांबले. लेकरू मागं झोपलंय माझं. दे त्याचा नंबर, सोडत न्हाई मी त्याला."

नंबर बाटलीसोबतच्या पावतीवर होता. आनंदराजनं पावती घडी घालून ठेवली.

"त्याची चूक न्हाई, ताई. तो झाकण बघून या म्हणला होता. मीच ऐकलं न्हाई."



"मेकॅनिक पाठव," ती म्हणाली. "तू येऊ नको, इंजिनिअर."