बिब्ब्याचे दहा दिवस

राखणीचा कुत्रा बिब्बा चावला तेव्हा पंकजा फडात ऊस तोडत होती. ओरडणं ऐकून ती कोयता टाकून धावली, तर पाचटाच्या कोपीपुढे बनुबाई पोटरी धरून बसलेली, ताकाची किटली आडवी पडलेली, आणि झोळीखाली बिब्बा चारी पाय रोवून उभा. झोळीत पंकजाची सव्वा वर्षाची सृष्टी गाढ झोपली होती.

ऊस बनुबाईचाच. ऊसतोडीची टोळी आल्यापासून ती रोज पोरीसाठी ताक आणायची. आज पोरीच्या तोंडावर माश्या बसल्या होत्या, त्या हाकलायला तिनं झोळीत हात घातला, एवढंच निमित्त झालं. पंकजानं पिंपाच्या पाण्यानं आणि साबणानं जखम धुतली. मग बनुबाईचा मुलगा सुनील आला आणि आईला मोटरसायकलवर घालून दवाखान्यात घेऊन गेला. जाताना म्हणाला, "उद्या पंचायतीत अर्ज देतो. कुत्री धरायची गाडी येऊन घेऊन जाईल ह्याला."

याआधीही बिब्ब्यानं ट्रॅक्टरवाल्याला धरलं होतं, फक्त तेव्हा कुणी अर्ज दिला नव्हता. पण ऊस तुटत येईल तसा बिबट्या उरलेल्या उसात सरकतो, आणि कोपी त्या उसापासून चाळीस पावलांवर. बिब्बा होता म्हणून पंकजा पोरीला ठेवून फडात जाऊ शकत होती. तो गेला तर तिला कोपीत बसावं लागणार, आणि तोडणी जोडीनंच चालते; नवरा-बायकोतलं एक बसलं की मुकादम दोघांनाही घरी पाठवणार.

संध्याकाळी तिचा नवरा अंगद म्हणाला, "उद्या दुपारी श्रीगोंद्याकडं टेम्पो चाललाय. बिब्ब्याला त्यात बशिवतो. तिथल्या टोळीत आपला आसाराम हाय. कुत्रंच न्हाई म्हनल्यावर गाडी काय नेनार? गाडी येऊन गेली, की दोन दिसांत परत आनू."

"लई भारी," पंकजा म्हणाली. तिला खरोखरच ते पटलं होतं.

मग ती धुतलेली किटली द्यायला बनुबाईकडे गेली. बनुबाई पाय पसरून ओसरीवर बसली होती, मांडीवर दवाखान्याचा कागद.

"सुया तर पुऱ्या घ्याच म्हनले डाक्टर," ती सांगू लागली. "पन कुत्रं दहा दिस डोळ्यासमोर ठिवा, म्हनले. खातंय का, पितंय का, पिसाळत तर न्हाई ना, बघा. दहा दिस नीट ऱ्हायलं तर घोर मिटला." मग थांबून तिनं विचारलं, "हाय ना गं त्ये जाग्यावर?"

पंकजाला उद्याचा टेम्पो आठवला. "हाय, मावशी."

दुसऱ्या दिवशी पंचायत उघडायच्या आधीच ती पायरीवर बसली होती. लिपिक ज्ञानेश्वरनं कागद पुढे ओढला.

"कुत्रं कुणाचं?"

"माझं."

"आणि तक्रार कुणाची?"

"माझीच."

ज्ञानेश्वरनं पेन खाली ठेवलं. "बाई, नवऱ्याची तक्रार करायला बायका येतात. स्वतःच्या कुत्र्याची करणारी पहिलीच बघतोय. घेऊन जायचंय का त्याला?"

"न्हाई, नेऊ नका. दहा दिस हितंच बांधून ठिवायचं, असं लिव्हा. तुमच्या कागदावर आलं म्हंजी सृष्टीच्या बापाला त्ये धाडता येनार न्हाई."

तेवढ्यात आपला अर्ज घेऊन सुनील आत आला. त्यानं सगळं ऐकलं. अर्जाची घडी तो उघडायचा, परत घालायचा. शेवटी म्हणाला, "बांधलं तर पोरगी कोण बघणार?"

"त्ये मला बी ठावं न्हाई."

उत्तर घरी गेल्यावर बनुबाईनं दिलं. "बांधा माझ्या गोठ्यात. पोरगी बी हितंच आना. नाहीतरी पाय मोडल्यागत बसूनच हाय मी."

अंगद बायकोवर चिडला होता, पण बिब्ब्याला साखळीनं धरून गोठ्यात तोच घेऊन आला.

दुपारी पंकजा पोरीला पाजायला आली तेव्हा बनुबाईचा चेहरा उतरला होता. पोरगी ओसरीवर खेळत होती, आणि गोठ्यात बिब्ब्यापुढे दूधभाकरी तशीच. पाणीही शिवलेलं नव्हतं.

"सकाळधरनं न्हाई खाल्लं," बनुबाई हळूच म्हणाली. "पंकजे, त्येला काय झालं तर न्हाई ना?"

पंकजानं हाक मारली. बिब्ब्यानं कान हलवले, पण नजर तिच्याकडे नव्हती. तो मान वळवून ओसरीकडे बघत होता, आणि मध्ये कडब्याची गंजी होती.

"मावशी, झोळी हितं टांगू का? त्येला दिसंल अशी."

"टांग. पन साखळी पोचायची न्हाई इतकी लांब."

पंकजानं साखळी ताणून पाहिली, मग आणखी चार पावलं मोजली आणि तिथल्या वाशाला झोळी बांधली. सृष्टीला आत घातलं. बिब्बा झोळीकडे बराच वेळ बघत राहिला. मग खाली मान घालून त्यानं भाकरीला तोंड लावलं.

"खातोय गं!" बनुबाई एवढ्यानं ओरडली, की पोरगी दचकून रडायलाच लागली. "खा बाबा, खा. सुनील, आजून एक भाकरी आन ह्येला!"