ल्हाक्यीचं ‘मान्य’

ल्हाक्यी वादात हरणार, हे मठातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. धौलाधारच्या पायथ्याशी असलेल्या त्या भिक्षुणींच्या मठात रोज संध्याकाळी अंगणात वाद रंगे. एकीने बसून उत्तरं द्यायची, दुसरीने उभं राहून टाळ्या वाजवत तिला पेचात पकडायचं. बसलेलीने ‘मान्य’ म्हणायचं, नाहीतर ‘तसं ठरत नाही’. ती फसली की उभी असलेली उजवा हात पालथा करून डाव्या तळव्यावर आपटी, ‘छा!’ म्हणून ओरडे आणि सगळ्याजणी खिदळत. ल्हाक्यी पडली भिडस्त. समोरची बिचारी एवढा घसा फोडून विचारतेय, तिला नाही कसं म्हणायचं? एकदा तर तिने सशाला शिंगं असल्याचंही मान्य करून टाकलं होतं.

आज मात्र फाटकाशी गाडी येऊन थांबली होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून मठाच्या म्हाताऱ्या गुरू, गेन-ला, बोलत नव्हत्या की कुणाला ओळखत नव्हत्या. जाणीव उरलेली नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. म्हणून मठाच्या प्रमुख यांगझोम यांनी त्यांना खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात पाठवायचं ठरवलं होतं. गेन-लांना रोज सातूची पेज भरवणाऱ्या ल्हाक्यीच्या पोटात कालपासून अन्न गेलं नव्हतं.

“त्यांना सगळं कळतं, आनी-ला,” यांगझोमना असं म्हणत ती गेन-लांच्या खाटेशी मांडी ठोकून बसली. “माझ्याशी वाद घाला. मी हरले तर खुशाल न्या.”

यांगझोमना हसू आवरेना. “तुझ्याशी? मग ड्रायव्हरला गाडी सुरूच करायला सांगते!”

पण मोडेल ती सवय कसली. त्यांनी जपमाळ मनगटावर चढवली, पाय आपटला आणि टाळी दिली.

“जाणीव म्हणजे काय?”

“जी स्वच्छ असते आणि जाणते, ती.”

“गेन-ला जाणतात? कशावरून?”

“पेज गार असली की तोंड मिटून घेतात.”

“हे कुंडीतलं फूलही संध्याकाळी मिटतं. मग त्यालाही जाणीव आहे?”

ल्हाक्यीने कुंडीकडे पाहिलं. तिला फुलाचीसुद्धा भीड पडली. “मान्य.”

“छा! उद्यापासून कुंडीला तुझ्या शेजारी वर्गात बसवू. जरा हुशार सोबत मिळेल तुला!”

दारात जमलेल्या भिक्षुणी हसून लोटपोट झाल्या. यांगझोमही हसल्या, पण खाटेकडे नजर जाताच त्यांचं हसू ओसरलं. टाळी कशी वाजवायची हे त्यांना याच बाईने हात धरून शिकवलं होतं.

“रोज सकाळी विचारते त्यांना, ओळखलंत का मला म्हणून. एकदाही उत्तर नाही गं.” त्यांनी डोळे पुसले आणि शेवटची टाळी मारली. “ज्याच्याकडून उत्तर येत नाही, त्याला जाणीव नाही. गेन-लांकडून उत्तर येत नाही. म्हणून गेन-लांना जाणीव नाही!”

ल्हाक्यीला उत्तर येत होतं. तसं ठरत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण यांगझोमचे ओले डोळे तिला बघवले नाहीत.

“मा... मान्य,” ती म्हणाली, आणि आपण काय करून बसलो हे कळून हमसून रडू लागली.

तेवढ्यात गोधडीवर थप्प असा आवाज झाला. गेन-लांचा धड राहिलेला उजवा हात पालथा आपटला होता. वाकड्या ओठांतून हवा सुटली, “छा!”

कपाळावर आठी पडली होती. ढ पोरींसाठी राखून ठेवलेली, जुनीच.

“तुम्हाला म्हणाल्या त्या,” ल्हाक्यी नाक ओढत म्हणाली.

“मला कशाला म्हणतील? छा असतं उत्तर देणारीला! असल्या भिकार मुद्द्याला मान्य म्हणतं का कुणी?” यांगझोम एकाच वेळी रडत होत्या आणि हसत होत्या. “हरलीस तू!”

ल्हाक्यीचा चेहरा उतरला. “मग... नेणार त्यांना?”

यांगझोमनी पुन्हा पाय आपटला, टाळी दिली. “ल्हाक्यी हरली, म्हणून गेन-लांनी जायचं! ठरतं असं?”

सगळ्याजणी ल्हाक्यीकडे पाहू लागल्या. गोधडीवरचा हात पुन्हा वर उचलला गेला आणि तसाच थांबला.

“तसं ठरत नाही!” ल्हाक्यी आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

हात सावकाश खाली आला आणि तिच्या डोक्यावर सुलटा टेकला.