गोणपाटामागची चव

गोणपाटाच्या पडद्याआड जैतुनबीने डाव पातेल्यात बुडवला, रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला. तळहात पोळला. आज मीठ दोनदा पडलं होतं. तिने उकडलेला बटाटा कुस्करून सोडला, वर तांब्याभर गरम पाणी ओतलं, पुन्हा चाखलं आणि ओठ पुसून पडदा सारला. बाहेर फळीवर तिचा नवरा कणकेचा गोळा ताणत, दुमडत, पुन्हा ताणत होता. त्याने मान वर केली नाही.

नाशिकरोड स्टेशनामागच्या गल्लीतली ही खानावळ माचाचाची. त्याचं खरं नाव मा युसुफ, गिऱ्हाइकांनी त्याला चाचा जोडलेलं; मुलूख चीनमधला सेचवान. मोठ्या लढाईच्या दिवसांत हजहून परतताना तो मुंबईत अडकला, देवळाली कॅम्पात मेसचा स्वयंपाकी झाला आणि सिन्नरच्या जैतुनबीशी निकाह लावून इथलाच होऊन बसला. लांब शेवयांवर मटणाचा लालभडक रस्सा, एवढा एकच पदार्थ तो करी. चार बाकडी आणि टांगेवाल्या-हमालांच्या खिशाला सोसेल असा वाडगा. नाकातून पाणी काढणारं ते तिखट खायला माणसं भर उन्हाळ्यात येत, शिव्या घालत खात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

हिवाळ्यातल्या तापानंतर माचाचाची जीभ मेली. तो कुणाला बोलला नाही. एके सकाळी नासलेल्या दुधाचा चहा त्याने शांतपणे पिऊन कप धुऊन ठेवला, तेव्हा जैतुनबीला कळलं. ज्या माणसाने वीस वर्षांत कुणाला 'कसं झालंय' म्हणून विचारलं नाही, त्याला तोंडावर कसं सांगायचं? भांडी ठेवायच्या निमित्ताने तिने चुलीपुढे गोणपाट टांगलं. तो रस्सा करून शेवयांकडे वळला की ही आत शिरायची. आता वैशाख लागला होता. मसाला वाटणं, भांडी घासणं होतंच, वर हे चोरून चाखणं. हातापायांपेक्षा त्या चोरीनेच ती जास्त दमायची.

"चाची, आज तुमच्या सासरचं माणूस आणलंय बघा!" दारात बहिरू टांगेवाला ओरडला.

त्याच्यामागे खांद्यावर रेशमी कापडाचा गठ्ठा घेतलेला एक चिनी फेरीवाला उभा होता. पन्नाशीचा, धुळीने माखलेला. भिंतीवरची अरबी अक्षरं वाचून त्याने सलाम केला आणि मग एकदम भलत्याच भाषेत काहीतरी बोलला. माचाचाच्या हातातली कणीक फळीवर पडली.

दोघं जे बोलू लागले ते थांबेनात. ही भाषा जैतुनबीने नवऱ्याच्या तोंडून फक्त झोपेत ऐकली होती. मराठी तो टांगेवाल्यांकडून शिकलेला, शब्द शोधत बोलणारा. हा भरभर बोलणारा, हात उडवणारा नवरा तिला परका वाटला आणि तसं वाटल्याचं तिला वाईट वाटलं.

"जैतून," तो वळून म्हणाला, "हा आमच्या नदीचा माणूस हाय. माझ्या गावापासून दोन दिवसांची वाट फक्त. भुसावळची गाडी हाय त्याची. आज लय झकास पाहिजे."

त्याने खिळ्याला टांगलेल्या बांबूच्या दोन काड्या काढल्या. वर्षानुवर्षं तिथेच होत्या त्या. धोतरावर पुसत तो लहान मुलासारखा हसत होता.

जैतुनबी पडद्याआड गेली. बहिरूला काय, तोंड भाजलं की त्याचं काम झालं. पण हा त्या मातीतला माणूस. त्याच्या जिभेने नाही म्हटलं, तर नवऱ्याच्या हातात उरलं काय?

तिने चाखलं. छान होतं. पुन्हा चाखलं आणि डाव हातातच राहिला. लग्नानंतर हा रस्सा पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा तिची जीभ बधिर झाली होती. नवऱ्याने विष घातलं म्हणून ती बोचकं बांधून सिन्नरला निघाली होती, त्याने वेशीवरून परत आणली. तेव्हापासून कित्येक वर्षं तो रस्सा ओठांना मुंग्या आणायचा. त्या मुंग्या कधीपासून येईनाशा झाल्या?

जीभ बधिर करणारे चिनी मिऱ्याचे दाणे तो कलकत्त्याहून मागवी, ते शिमग्यातच संपले होते. पेठकडची फुलाबाई डोंगरातलं तिरफळ आणून देई, तेही तसंच झिणझिणणारं; त्याचेच दोन-चार दाणे जैतुनबी टाकायची. रस्सा पातळ वाटला की भाजलेलं खोबरं. उग्र वाटला की आईच्या हातचा काळा मसाला. रोज थोडंसं, आपल्या जिभेला बरं लागेल एवढंच. गिऱ्हाइकं तर खूश होती. चार महिने ती नवऱ्याची चव सांभाळत होती, आणि पातेल्यात सिन्नर शिजत होतं.

तिने मूठभर तिरफळ ठेचून टाकलं. दुसरं काय करणार?

वाडगा पाहुण्यापुढे गेला. त्याने काड्यांनी शेवया उचलल्या, खाल्ल्या आणि तो थांबला. आणखी एक घास घेतला. मग काड्या वाडग्यावर आडव्या ठेवून त्याने हळू आवाजात एकच वाक्य म्हटलं.

माचाचाचा चेहरा उतरला. पडद्याच्या भोकातून जैतुनबीला तो दिसत होता. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

मग माचाचाही काहीतरी म्हणाला, तेवढंच छोटं. पाहुण्याने गोणपाटाकडे पाहिलं, काड्या उचलल्या आणि सगळा वाडगा संपवला. तळाचा रस्सासुद्धा वाडगा तोंडाला लावून प्याला. निघताना पडद्याच्या दिशेने त्याने मान लववली आणि बहिरूच्या टांग्यातून तो स्टेशनाकडे गेला.

दुपारची गर्दी ओसरली. जैतुनबी बाहेर आली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ही चव आमच्याकडची नाय."

ती बाकड्यावर टेकली. "माझं चुकलं. मी तुमच्या मागून..."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

माचाचाने तिचा उजवा हात धरून उलटा केला. तळहाताच्या मधोमध पोळल्याचे डाग होते, जुने काळे आणि सकाळचा लाल.

"डाव असताना हातावर कोण चाखतं?" तो म्हणाला.

"उष्टा कसा करू? तुम्ही तोच डाव वापरता." तिचे डोळे भरून आले. "सांगायचं होतं मला. कसं सांगू?"

अंगणात कुणाची तरी कोंबडी दाणे टिपत होती, तिला त्याने हुसकलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"मी म्हटलं, माझ्या घरची हाय."

मग तो चुलीकडे गेला. गोणपाटाची दोरी सोडून त्याने पडदा खाली काढला, घडी घालून कोपऱ्यात ठेवला. पातेल्यात उरलेला रस्सा वाडग्यात वाढून घेतला आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर, तिच्यासमोर ठेवला. वीस वर्षांत ती त्या बाकड्यावर कधी जेवली नव्हती.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

जैतुनबीने घास घेतला. जीभ बधिर झाली, ओठांना मुंग्या आल्या. खोटं बोलायला तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

"तिरफळ जास्त झालंय," ती म्हणाली.

माचाचाने त्या दोन काड्या धुतल्या, पुसल्या आणि पुन्हा खिळ्याला टांगल्या.

"मग उद्या कमी घाल," तो म्हणाला.